दोरीला टांगलेल्या नळ्या

थोरलीने आईला सांगितलं होतं, "मी आणि बाबा जाळं आणायला चाललोय." हे अगदीच खोटं नव्हतं. तळ्याला जाळं कधी ना कधी लागणारच होतं. पण पाणकावळे जाळ्याला भीक घालत नाहीत, हे आईला कुठे माहीत होतं!

थोरलीने मासळीचं तळं कराराने घेतलं त्याला सहा महिने झाले होते. पहिल्या खेपेला सोडलेली बोटभर पिल्लं पाणकावळ्यांनी निम्म्याहून जास्त फस्त केली. तिने डबे बडवले, चकचकीत कागद बांधले, नवऱ्याचा जुना कोट घालून बुजगावणं उभं केलं. पाणकावळ्यांनी त्याच बुजगावण्याच्या खांद्यावर बसून निवांत पंख वाळवले. आता दुसरी खेप परवा पाण्यात पडायची होती. तीही गेली तर तळं सोडून पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली राबायला जायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. शेजारचा तळेवाला म्हणाला, "दिवसातून चार वेळा हवेत बार काढ. आठवड्यात पक्षी दुसरीकडे जातात." त्यावर तिने हेलपाटे घालघालून परवाना मिळवला. राहता राहिली बंदूक, आणि घोडं पेंड खात होतं ते तिथेच.

कारण तिच्या माहेरच्या घरात बंदूक हा शब्द सव्वीस वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. बाबांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नाहीत. थोरली सहा वर्षांची असताना एका बंदुकीची नळी त्यांच्या हातात फुटली. काडतूस खराब निघालं, असं घरात सांगितलं गेलं आणि पुढे कुणी काही विचारलं नाही. तोवर बाबा गावातले बंदूक दुरुस्त करणारे मिस्त्री होते. त्यानंतर ते शिलाई मशीन दुरुस्त करणारे झाले. थोरलीला आठवतात ते हेच बाबा: तेलाची कुपी, नाकावर घसरलेला चष्मा आणि टीव्हीचा आवाज फार मोठा. तिला बाबा आवडायचे, पण त्यांच्यात नवलाचं काही असेल असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

तिने जीव मुठीत धरून त्यांना विचारलं, तेव्हा ते मशीनच्या पोटात तेल सोडत होते. तेल सोडून झालं, चिंधीने हात पुसून झाले, मग म्हणाले, "उद्या सकाळी जाऊ. उजेड चांगला असतो."

दुकानदाराला सगळं गाव गोडबोल्या म्हणायचं आणि त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. बाबा एके काळी त्याच्या वडिलांच्या हाताखाली ह्याच दुकानाच्या मागच्या खोलीत काम करायचे. बाबांना दारात बघून तो उभाच राहिला.

"मिस्त्रीकाका! अहो, सव्वीस वर्षांत पायरी चढला नाहीत. बसा, बसा. ताईंना काय दाखवू?"

थोरलीने खिशाला परवडेल असा आकडा सांगितला. गोडबोल्याची नजर काचेच्या कपाटातल्या देखण्या बंदुकांवरून सरळ घसरली ती भिंतीवरच्या साखळीच्या टोकाला, जिथे शेवटची एक दुनळी उभी होती. कारखान्यातून हजारोंनी निघालेली, नक्षी नाही, नाव नाही, दस्त्याचं लाकूड साधं. एखाद्या खानावळीतल्या खुर्चीसारखी.

"स्वस्तातली आहे, पन्नास वर्षांची, पण एका हातची," तो म्हणाला. "शेताच्या राखणीला होती. एक बार चुकला नाही हिचा."

बाबांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. "मी हात लावणार नाही," ते थोरलीला म्हणाले. "मी कानाला खडा लावलाय. मी सांगतो तसं तू कर. आधी उघड. आत काही आहे का बघ."

"रिकामीच आहे काका," गोडबोल्या म्हणाला.

"तुला विचारलं नाही."

थोरलीने वरची कळ बाजूला केली, बंदूक मधोमध मोडली आणि दोन्ही भोकांतून पलीकडची फरशी बघितली. रिकामी होती. बाबांनी मान डोलावली आणि तिला घेऊन मागच्या खोलीत गेले. कुणी वाट दाखवायची गरज नव्हती. खोलीत एक लांब बाक, त्याला वस्तू घट्ट पकडून ठेवणारा एक लोखंडी शेगडा आणि समोर मोठी खिडकी. बाबा खिडकीपाशी गेले आणि बंदुकीकडे नुसतेच बघत राहिले. किती वेळ! गोडबोल्याने दोनदा घसा खाकरला.

"स्क्रूंच्या खाचा बघ," बाबा शेवटी म्हणाले. "कडा शाबूत आहेत. म्हणजे कुठल्या उपटसुंभाने घरी बसून ही खोलली नाही. बरं. आता ती कळ बघ. बंदूक मिटलेली असताना ती जरा उजवीकडे कललेली आहे ना? नवी असताना अशीच असते. झिजत जाते तशी मधे येते, पुढे डावीकडे जाते. हिचं अजून पुष्कळ आयुष्य आहे."

थोरलीने ती कळ सकाळपासून तीनदा बघितली होती. तिला ती फक्त कळ दिसली होती.

मग बाबांनी सांगितलं, नळ्यांखालचं लाकूड काढ. काढलं. आता बंदूक मीट, दस्ता धर आणि हलव, जोरात. तिने हलवली. "काही टकटकतंय?" नाही. मग त्यांनी गोडबोल्याकडून पावतीबुकातला पातळ कागद मागितला. त्याचा कपटा नळ्यांच्या मागच्या टोकावर, जिथे काडतूस घालतात तिथे, ठेवून बंदूक मिटायला लावली आणि म्हणाले, ओढ. कागद निघेना. तिने जोर केला तसा तो फाटला आणि अर्धा आतच राहिला.

"लोखंडाला लोखंड असं बसलंय," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज किंचित बदलला होता. हा आवाज तिने ऐकलेला नव्हता.

नंतर दस्ता. जिथे हात धरतो ती निमुळती मान त्यांनी वाकून वाकून बघितली. लाकूड तिथेच तडकतं आणि विकणारे तिथेच तेल चोपडतात, असं ते गोडबोल्याच्या देखत म्हणाले. गोडबोल्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. दोन्ही नळ्यांत खोटी काडतुसं घालून थोरलीने दोन्ही चाप ओढले. बाबांनी मधेच डोळे मिटले होते आणि खिशातलं एक बोट दोन्ही खटक्यांना हललेलं तिला कोटावरून दिसलं.

"आता नळ्या सुट्या कर आणि खिडकीकडे धरून आत बघ. काय दिसतं?"

थोरलीने डोळा लावला. साध्या, काळपट, खानावळीतल्या खुर्चीसारख्या त्या बंदुकीच्या पोटात लख्ख उजेड भरलेला होता. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी गोल वलयं, एकामागे एक, लांबवर लहान होत गेलेली, आणि शेवटी खिडकीचा एक पांढरा ठिपका.

"गोल गोल दिसतंय बाबा. सगळीकडे गोल."

"एखादं वलय मोडलंय? चेपल्यासारखं? नीट बघ. नळी हळूहळू फिरव."

"एकही नाही. दुसऱ्या नळीत शेवटाकडे दोन-तीन बारीक काळे ठिपके आहेत."

"कुठल्या शेवटाकडे? तुझ्या डोळ्याकडच्या की खिडकीकडच्या?"

"खिडकीकडच्या. पण ठिपके म्हणजे किती खोल ते मला कसं..."

एवढ्यात बाबांचे हात खिशाबाहेर आले. कानाला लावलेला खडा कुठे गेला कोण जाणे! त्यांनी तिच्या हातातून नळ्या अशा काढून घेतल्या, की आपल्या हातून काही गेलं हे तिला नंतर कळलं. तीन बोटांचा हात खाली, पाच बोटांचा वर. नळ्या त्यांच्या हातात फिरू लागल्या, थांबल्या, पुन्हा फिरल्या. सुईत दोरा ओवताना ह्याच हातांना तीनदा प्रयत्न करावा लागायचा. आता एक हालचाल वाया जात नव्हती. थोरली बघतच राहिली. जन्मभर ज्या माणसाच्या ताटात वाढलं, तो माणूस तिला आज पहिल्यांदा दिसत होता. तिला अभिमान वाटला, आणि सव्वीस वर्षं हे सगळं खिशात घालून बसल्याबद्दल रागही आला.

"ठिपके वरवरचे आहेत," बाबा म्हणाले. "तोंडाकडे आहेत, तिथे जोर कमी असतो. चालतील. दोरी दे."

गोडबोल्याने दोरी दिली. बाबांनी ती नळ्यांखालच्या आकड्यातून ओवली आणि नळ्या हवेत टांगून तिच्या हातात दिल्या. "कुठे टेकू देऊ नकोस. पेचकसाची लाकडी मूठ घे आणि हलकेच वाजव."

तिने वाजवलं. आवाज गोड आला, पण त्याच्या शेपटाला काहीतरी झरझरलं, डब्यात खिळा राहिल्यासारखं.

"झरझरतंय बाबा."

"अहो, ते नेहमीचंच," गोडबोल्या हसून म्हणाला. "काडतूस बाहेर ढकलणारा तुकडा असतो ना मागे, तो थरथरतो. नळ्यांना काही झालेलं नाही."

बाबांचा चेहरा उतरला. उतरला म्हणजे असा, की थोरलीने एका हाताने स्टूल पुढे ओढलं. पण ते बसले नाहीत. त्यांनी बाकावरून बारीक पेचकस उचलला.

"हेच मी म्हणालो होतो," ते म्हणाले. "शब्दन्‌शब्द. त्या दिवशी."

बाबा तो तुकडा धरून ठेवणारा स्क्रू फिरवत होते आणि बोलत होतेही त्या स्क्रूशीच.

"दोन नळ्यांच्या मधे पट्टी असते. ती झाळून, कथील वितळवून, बसवलेली असते. झाळ सुटली की फटीतून पाणी शिरतं आणि नळी बाहेरून गंजत जाते, पट्टीखाली, कुणाला न दिसता. ते डोळ्याने कळत नाही. ते फक्त आवाजाने कळतं. म्हणून वाजवून बघायचं, आणि वाजवायच्या आधी हा तुकडा काढायचा. दोन मिनिटांचं काम. शिकाऊ मुलालाही आम्ही हेच पहिलं शिकवायचो. त्या दिवशी मी काढला नाही. गिऱ्हाईक घाईत होतं आणि माझ्या कानावर माझा फार भरवसा होता. झरझर ऐकली आणि म्हटलं, हा तर तुकडा वाजतोय. ह्याच्या वडिलांनी विचारलं, पक्की? मी म्हटलं, पक्की. पास करील त्याने पहिला बार काढायचा, हा इथला नियम. तेवढा मात्र मी पाळला. देवाची कृपा, की पाळला."

"म्हणजे काडतूस..." थोरली म्हणाली.

"काडतुसात काही खोट नव्हती. त्या काडतूसवाल्याचं नाव मी गावभर खराब केलं. तो बिचारा दुकान बंद करून गेला. तुझ्या आईलासुद्धा मी खरं सांगितलेलं नाही."

स्क्रू निघाला. तुकडा त्यांनी बाकावर ठेवला. "वाजव," ते म्हणाले.

तिने वाजवलं. ह्या वेळी झरझर नव्हती. स्वच्छ, बारीक आवाज उठला आणि खोलीभर रेंगाळत राहिला.

"वाजव," बाबा म्हणाले.

"वाजवलं की."

ते तिच्या हाताकडे बघत होते, कानाने ऐकणारा माणूस बघतो तसं नाही, तर दुसऱ्याच्या ओठांकडे बघतात तसं. तिने पुन्हा वाजवलं आणि मुद्दाम काही बोलली नाही. आवाज घुमला, विरला. बाबा वाट बघतच होते.

तेव्हा तिला सगळं एकदम कळलं. टीव्हीचा आवाज. जेवताना दोनदा हाक मारावी लागणं. "आई बोलते ती पुटपुटते" ही त्यांची कायमची तक्रार. डावा कान त्या बारासोबतच गेला असणार, उजवा वयाने जात होता, आणि गृहस्थाने तोंडाला कुलूप लावलं होतं. जी एक गोष्ट फक्त आवाजाने कळते, ती तपासायला ती अर्धा बहिरा माणूस घेऊन आली होती!

"तुम्हाला ऐकू येत नाहीये."

"बारीक आवाज नाही येत," बाबा शरमून म्हणाले. "म्हणून तुझे कान घेऊन आलोय. कसा वाटला?"

"चांगला वाटला. पण बाबा, चांगला म्हणजे काय हे मला कुठे माहीत आहे? मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय. माझ्या भरवशावर तुम्ही हो म्हणणार?"

गोडबोल्या काही तरी गोड बोलायला पुढे झाला होता, पण बाबांनी हात वर केला. मग त्यांनी दोरी तिच्याकडून घेतली. तिचं टोक डाव्या हाताच्या तर्जनीला दोनदा गुंडाळलं, कमरेत वाकले, आणि ते बोट त्यांनी सरळ उजव्या कानात खुपसलं. नळ्या त्यांच्या कानाखाली लोंबकळत राहिल्या. शहाण्यासुरत्या म्हाताऱ्याचं हे सोंग बघून एरवी थोरलीला हसू आवरलं नसतं.

"आता वाजव," ते म्हणाले.

तिने वाजवलं. बाहेर तर आवाज जेमतेमच आला. पण बाबांचे डोळे मोठे झाले, मग मिटले. ते तसेच वाकून उभे राहिले, श्वाससुद्धा न घेता. त्यांचे ओठ काहीतरी मोजत होते. ते मोजणं संपेचना. तिने पुन्हा वाजवलं, उजवी नळी, डावी नळी, वरून, मधे, खाली. प्रत्येक वेळी ते मोजत राहिले. शेवटी त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते पाण्याने भरलेले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"तू ऐक," ते म्हणाले.

त्यांनी दोरी तिच्या बोटाला गुंडाळली. थोरलीने बोट कानात घातलं, दुसरा कान हाताने झाकला. बाबांनी मूठ नळीला टेकवली, इतकी हळू की तिला वाटलं, लागलीच नाही.

आणि तिच्या डोक्यात एक प्रचंड घंटा वाजली.

ती दचकून मागे सरकणार होती, पण सरकली नाही. एवढ्याशा लोखंडातून एवढा आवाज! खोल, भरलेला, गरगरीत, तिच्या दातांपर्यंत पोचणारा. मोठ्या आवाजाच्या आत बारीक आवाज, त्याच्या आत आणखी बारीक. कुठेही चरा नाही, कुठेही थरथर नाही. तो कमी होत गेला पण तुटला नाही, आणि तो संपला नेमका कधी हे तिला सांगता आलं नसतं. तिच्या अंगावर काटा आला. तिने वर बघितलं. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते आणि हसत होते.

"ऐकलंस? हे चांगलं," ते म्हणाले. "आता जन्मभर विसरणार नाहीस. पट्टी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड बसलेली आहे. पन्नास वर्षांत कणभर सुटली नाही." त्यांनी नळ्या उलट्या केल्या आणि लाकडाखाली झाकली जाणारी बाजू तिला दाखवली. तिथली झाळ इतकी सफाईने घासलेली होती, की बोटाला सांधा लागत नव्हता. "इथे कोण बघणार होतं? स्वस्तातली बंदूक. दिवसाला शंभर निघत असतील. त्या माणसाला आपलं नावसुद्धा टाकायचं नव्हतं हिच्यावर. तरी बघ." ते अंगठा त्या सांध्यावरून फिरवत राहिले. "मी नाव टाकून काम करायचो आणि दोन मिनिटांचा आळस केला."

थोरलीने त्यांचा दंड धरला.

मागच्या अंगणात वाळूच्या पोत्यांची भिंत होती. बंदूक पुन्हा जोडून आधी जुन्या टायरला बांधली, चापाला लांब दोरी लावली आणि सगळे दाराआड गेले. दोन बार उजवीचे, दोन डावीचे. बाबांनी पुन्हा नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरल्या, पुन्हा वाजवल्या. सगळं जागच्या जागी होतं.

"झालं तर मग," गोडबोल्या म्हणाला. "ताई, कागद करायला घेऊ?"

"थांब," बाबा म्हणाले. "पास करील त्याने पहिला बार काढायचा."

"काका, टायरला चार बार झाले की!"

"टायरने पास केलेली नाही."

त्यांनी दोन काडतुसं घातली आणि पोत्यांसमोर उभे राहिले. थोरलीला आठवत होतं ते फक्त तेव्हाचं बाबांच्या हाताचं बँडेज, उशीएवढं जाड, आणि तो हात मांडीवर घेऊन बसलेली आई. तळं गेलं तर गेलं, असं एकदा तिच्या अगदी ओठावर आलं.

"पक्की ना बाबा?" तिच्या तोंडून निघून गेलं.

बाबा पूर्वी नेहमी उजव्या खांद्याला बंदूक लावायचे. तसा एक जुना फोटो घरात कुठेतरी होता. पण त्यांनी ती डाव्या खांद्याला लावली. तीन बोटांचा हात चापाकडे गेला. आणि उजवा हात, अखंड पाच बोटांचा, ज्याने सव्वीस वर्षं मशीन उघडली, ज्याच्यावर घर उभं राहिलं, धाकट्यांची शिक्षणं झाली, तो हात त्यांनी पुढे नेऊन नळ्यांखाली ठेवला, जिथे फुटली तर फुटते तिथेच. डाव्या हाताला पकड नव्हती म्हणूनही असेल. पण ठेवण्याआधी त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, आणि तिला तिचं उत्तर मिळालं.

दोन बार झाले, एकापाठोपाठ. छपरावरची कबुतरं भर्रकन उडाली. धूर विरला. बाबा जसे उभे होते तसेच उभे होते.

थोरली धावत पुढे गेली. बंदुकीकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने त्यांचा उजवा हात लाकडावरून उचलला, उलटा केला, सुलटा केला, आणि एक एक बोट चिमटीत धरून बघितलं.

"मोजून झाली?" बाबांनी विचारलं.

"झाली," ती म्हणाली.

"पाचच आहेत ना? मग आता तू धर." त्यांनी बंदूक उघडून रिकामी करून दाखवली आणि तिच्या हातात दिली. "आणि घरी गेल्यावर आईशी मी बोलतो. सगळंच बोलतो."

थोरलीने हात पुढे नेला. नळ्यांखालचं लाकूड अजून त्यांच्या हाताने गरम होतं.